आठ घरांचं इंग्रजी

१२ जानेवारी

प्रिय स्वल्पविराम,

पत्र मिळालं. "मामा, कसा आहेस?" असं तू तीनदा विचारलंस, म्हणून तीनदा उत्तर देतो: बरा आहे, बरा आहे, बरा आहे. तुझ्या आईलाही हेच सांग. ती रोज फोन करून "जेवलास का?" विचारते आणि मी हो म्हटलं की "काय जेवलास?" विचारते. सख्खी बहीण आहे की फौजदार, कळत नाही. फोनवरचं बोलणं मला मुळातच पटत नाही. त्याचं प्रूफ काढता येत नाही, एकदा तोंडातून गेलं की गेलं.

छापखाना शेवटी बंद झाला. जुने मालक गेले तेव्हाच मी ओळखलं होतं. त्यांच्या मुलाने जागा दुसऱ्या कुणाला दिली, यंत्रं हलवली आणि अक्षरांचे शिशाचे सगळे खिळे भंगारात घातले. बेचाळीस वर्षं ज्यांच्याशी झटापट केली, ते खिळे पोत्यात भरलेले बघितले आणि मी परत फिरत होतो. तेवढ्यात एक कामगार इंग्रजी मथळ्याच्या टाईपाची पेटी उपसताना दिसला. लहानपणी तुला दाखवली होती ती पेटी, आठवते का? प्रत्येक अक्षराला तिच्यात आपलं घर असतं. जी अक्षरं सारखी लागतात ती मधल्या घरांत, हाताशी, आणि जी क्वचित लागतात ती कडेला. तो बिचारा कडेकडून उपसत मध्ये येत होता. मी असा ओरडलो की त्याच्या हातातलं पोतंच पडलं. तोवर आठ घरं उरली होती: ए, ई, आय, एल, एन, आर, एस, टी. मालकांचा मुलगा म्हणाला, "काका, हवं तर न्या." प्रूफ काढायचा लोखंडी रूळही कुणाला नको होता, तोही दिला. हातगाडीवर घालून सगळं घरी आणलं.

आता पेटी जेवणाच्या टेबलावर आहे आणि मी तिच्यासमोर आहे. आठ अक्षरांत माणूस काय छापणार, आणि कुणासाठी? तुझी मामी असती तर म्हणाली असती, "आधीच भंगार, वर त्याला टेबलही दिलंत!" तिला जाऊन चौदा महिने झाले. टेबल तसं रिकामंच होतं म्हणा.

फार लिहिलं. थांबतो.

मामा

·

२४ जानेवारी

मामा,

तुझी तिन्ही उत्तरं खोटी आहेत, हे पोस्टमनलासुद्धा कळलं असेल. पण निदान लिहायला बसलास, तेवढ्यावर मी खूश आहे.

आता एक काम सांगते, आणि नाही म्हणायचं नाही. मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते हे तुला माहीत आहे. इस्पितळातले सफाईवाले, धोबीखान्यातल्या बायका, एक लिफ्टमन, सगळे मिळून अकराजण. चादरींच्या गोदामाशेजारी आमची खोली आहे, फळ्याला अजून औषधाचा वास येतो. तर एका प्रकाशकांनी अशा लोकांसाठी पुस्तक करायला सांगितलं आहे. सगळी सव्वीस अक्षरं एकदम अंगावर न टाकता थोड्याच अक्षरांत किती शब्द होतात ते दाखवायचं. अक्षरं कोणती घ्यायची ते त्यांनी माझ्यावर सोडलं. मी महिनाभर डोकं खाजवत होते, तुझी आठ घरं वाचली आणि ठरून गेलं.

संगणक शब्द काढून देतो, पण तो आंधळेपणाने काढतो. ज्यांना जगात कुणी कधी हाक मारली नाही असेही शब्द त्याच्या यादीत येतात. मला हाताने जुळवून बघितलेले शब्द हवेत, आणि त्यासाठी मला तुझ्याशिवाय कुणीही माहीत नाही. सोबत इंग्रजी-मराठी शब्दकोश पाठवते आहे. घाई आहे रे, जमेल तितक्या लवकर सुरू कर.

तुझी
स्वल्पविराम

·

२४ जानेवारी

आई,

तुझ्या भावाला मी आज शेंडी लावली आहे. पुस्तक नाही, प्रकाशक नाही, काही नाही. तू म्हणालीस ना, तो दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या खुर्चीकडे बघत असतो, रेडिओसुद्धा लावत नाही, तेव्हापासून मला काही सुचत नव्हतं. हाताला काम मिळालं की तो उठेल, एवढंच मला कळतं. दोन-तीन महिन्यांनी सांगू की प्रकाशकांचा बेत रद्द झाला.

फोनवर त्याच्याशी बोलताना जिभेला आवर घाल, तुझ्या पोटात काही राहत नाही. आणि "त्यापेक्षा स्वतः जाऊन ये" असं तू म्हणणार, ते आधीच ऐकू आलं. रजा मिळत नाही गं.

·

१० फेब्रुवारी

स्वल्पविराम,

शब्दकोश मिळाला. उशीला घ्यायला बरा आहे.

सोबत एकशे चार शब्दांची यादी आहे. संगणक शब्द ए-पासून ओळीने लावत असेल, पण तो कधी खिळे जुळवणारा जुळारी नव्हता. जुळारी हात वाचवतो. हातातल्या पट्टीत एक शब्द जुळलेला असताना तो अख्खा मोडायचा आणि दुसरा शून्यापासून जुळवायचा, हा शुद्ध मूर्खपणा आहे. मी टी, ई, ए लावलं. चहा. तेच तीन खिळे इकडचे तिकडे केले की खाणे, पुन्हा फिरवले की खाल्लं. खाण्यापुढे एस ठेवला की बसायची जागा, तोच एस जरा आत सरकवला की पूर्व दिशा. त्याच्यापुढे एल लावला की सगळ्यात कमी. आणि त्या पाच खिळ्यांना ढवळलं की चोरी करणे, पाटी, शिळं! म्हणजे खुर्चीतून न उठता मी चहा प्यालो, खाल्लं, पूर्वेला गेलो आणि चोरी केली. मागच्या वर्षभरात एवढी धावपळ केली नव्हती.

एक गंमत सांगतो. बेचाळीस वर्षं मी इंग्रजी जुळवलं. आमंत्रणं, लेबलं, औषधांची माहितीपत्रकं, एका वकिलाचं पुस्तकही. त्यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. मला अक्षरांचे चेहरे ठाऊक, तेही आरशात दिसावेत तसे उलटे. परवा एन, ए, आय, एल जुळवलं आणि शब्दकोशात बघितलं तर अर्थ निघाला खिळा. जन्मभर खिळे जुळवले आणि खिळ्यालाच ओळखलं नाही.

अडचण एकच. एल दोनच आहेत आणि त्यातल्या एकाचं नाक तुटलं आहे. प्रकाशकांना यादी पसंत पडली का कळव.

मामा

·

१ मार्च

मामा, मामा, मामा,

तीनदा हाक मारली, कारण एकदा पुरणार नाही.

आमचा लिफ्टमन गेले सात महिने माझ्यासमोर बसतो. पन्नाशीचा माणूस, कडक इस्त्रीचे कपडे, पण फळ्याकडे बघितलं की त्याच्या कपाळावर घाम. पुस्तकातल्या कुत्र्या-मांजरापुढे त्याची गाडी सरकतच नव्हती. मी मनातल्या मनात हात टेकले होते. मागच्या सोमवारी तुझी यादी, तुझ्याच क्रमाने, फळ्यावर लिहिली. चहा वाचला त्याने. मग खाणे. मग बसायची जागा. पूर्वेपर्यंत आला आणि उभाच राहिला. म्हणाला, "बाई, हे आमच्या लिफ्टसारखं आहे. दर मजल्याला एकच माणूस चढतो नाहीतर उतरतो. बाकीचे आतलेच असतात, त्यांना मी ओळखतो." आणि त्याने एका दमात एकोणीस शब्द वाचले. धोबीखान्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पाठ फिरवून फळ्याचा कोरा कोपरा पुसत राहिले.

चौदा वर्षं मी शिकवते आहे. शिकवण्यावरचे दोन अभ्यासक्रम केले, भिंतीवर प्रमाणपत्रं आहेत. हा क्रम मला कधी सुचला नाही. तुझे हात काय विचार करतात रे! शब्द पाठ करायचे नसून हातातल्या शब्दातून पुढचा काढायचा असतो, हे तू एका पत्रात सांगून मोकळा झालास.

एक तक्रार आली आहे, तीही कळवते. या आठ अक्षरांत जिना होतो आणि लिफ्ट होत नाही! आमचा लिफ्टमन फार दुखावला. "एकोणीस वर्षांची नोकरी," म्हणाला, "आणि शेवटी जिन्याचीच सरशी."

आणखी पाठव. भरपूर पाठव.

तुझी
स्वल्पविराम

·

१९ मार्च

स्वल्पविराम,

लिफ्टमनना सांग, एफचं घर अगदी कडेला असतं, ते सगळ्यात आधी उपसलं गेलं. माझा नाइलाज होता. त्यांच्यासाठी मी स्वतंत्र शोध केला: सिस्टर होतं, सलाईन होतं, चादरी-कापडाचा लिनन होतो, डाग होतो, खळबळून धुणेही होतं. तुमचं अर्धं इस्पितळ माझ्या टेबलावर आहे.

या खेपेला दोनशे अकरा शब्द. पाच वाजता उठतो. समोरच्या दुकानदाराने विचारलं, "काय, पुन्हा नोकरी लागली वाटतं?" मी म्हटलं, पुस्तक चाललंय. तो आता मला वाकून नमस्कार करतो, आधी नुसता हात हलवायचा.

पण एक फजिती ऐक. पंधरा दिवस माझ्या डोक्यात होतं, आठही खिळे एकेकदाच वापरून एक मोठा शब्द व्हायला हवा. आठ घरांचा राजा. जुळवत राहिलो, शब्दकोश चाळत राहिलो, आणि सापडला: ई, एन, टी, आर, ए, आय, एल, एस. मोठ्या अपेक्षेने अर्थ बघितला तर आतडी! म्हटलं, ठीक आहे, दुसरा असेल. दुसराही सापडला: एल, ए, टी, आर, आय, एन, ई, एस. अर्थ: संडास, अनेकवचनी. एवढे कष्ट करून, सगळं सैन्य कामाला लावून, हाती काय लागलं तर आतडी आणि संडास. एकटाच मोठ्याने हसलो. मग घरात किती दिवसांनी कुणी हसलं ते लक्षात आलं.

तुला मामीचं एक माहीत नसेल. इंग्रजी प्रुफं मी घरी आणायचो. जुळाऱ्याने आपलं प्रूफ एकट्याने वाचायचं नसतं, डोळा दगा देतो. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापलेल्यावर बोट फिरवायचं, असा रिवाज आहे. ती समोरच्या खुर्चीत बसून वाचायची. इंग्रजी तिलाही येत नव्हतं, म्हणून एकेक अक्षर वाचायची. "एस. टी. ए. आर. जागा सोडा." वकिलाचं अख्खं पुस्तक तिने असं अक्षर-अक्षर वाचलं, चारशे पानं. आम्हा दोघांना मिळून इंग्रजीचा एकच शब्द येत होता. दमली की ती कागद खाली ठेवून म्हणायची, "आता टी, ई, ए." मग मी उठून चहा टाकायचो. यादी तिथूनच सुरू केली, ते उगाच नव्हतं.

प्रकाशकांना किती पानं हवी आहेत?

मामा

·

६ एप्रिल

मामा,

मामीचं वाचून मी वर्गावर उशिरा गेले. मला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

तुझ्या राजाची फजिती वर्गात सांगितली. धोबीखान्यातल्या बायका हसून हसून बाकावर आडव्या झाल्या. पण सफाईचे मुकादम गंभीरपणे म्हणाले, "यात हसण्यासारखं काय? आमच्या कामाचा सगळ्यात मोठा शब्द आहे तो. आठ अक्षरं लागली, लागणारच." त्यांनी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

आणि हे ऐक. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारावर एक पाटी आहे, 'स्टराइल एरिया'. म्हणजे इथून पुढे सगळं निर्जंतुक, बाहेरच्यांनी येऊ नये. लिफ्टमन एकोणीस वर्षं तिच्यासमोर लिफ्ट थांबवतो. परवा त्याने ती वाचली. एकेक अक्षर, मग अख्खी. दोन्ही शब्द तुझ्या आठ घरांतले! माझ्याकडे धावत आला आणि म्हणाला, "बाई, मला इतकी वर्षं वाटायचं ते मोठ्या डॉक्टरांचं नाव आहे. मी पाटीला रोज नमस्कार करतो." सगळा वर्ग आता तुला मामा म्हणतो. "मामांचं काही आलं का?" हा माझ्या तासाचा पहिला प्रश्न असतो.

पानांचं म्हणशील तर घाई नाही. प्रकाशक सध्या इतर कामात आहेत. तू सावकाश कर, प्रकृती सांभाळून.

तुझी
स्वल्पविराम

·

९ मे

स्वल्पविराम,

जानेवारीत घाई होती, एप्रिलमध्ये नाही. प्रकाशक असेच असतात, मी चाळीस वर्षं बघितले आहेत. त्यांचा पत्ता कळव. एक गोष्ट थेट त्यांच्या कानावर घालायची आहे.

मामा

·

१७ मे

स्वल्पविराम,

तुझं उत्तर नाही. पत्ता सापडत नसेल. म्हणून पार्सल तुझ्याकडेच पाठवतो, तू पुढे दे.

उघडलंस की लगेच पानं मोजू नकोस, आधी हात धू. पहिली सोळा पानं आहेत, बारा प्रती. अकरा तुझ्या वर्गाच्या आणि एक तुझी. यादी दुसऱ्याच्या हाती देऊन भलत्याच क्रमाने छापलेली मला बघवली नसती, म्हणून म्हटलं आपणच जुळवावं. खिळे मोजकेच आहेत. दोन-चार शब्द जुळवायचे, छापायचे, मोडायचे, खिळे घरात टाकायचे, पुढचे जुळवायचे. एलचा शब्द तर एका छापात एकच. पान सहावर अकरा एल आहेत, म्हणजे तो कागद अकरा वेळा रुळाखालून गेला, आणि बारा प्रतींचे बारा कागद. टेबलाला दोन टाचण्या ठोकून कागदाची जागा पक्की केली आहे, केसभर हलत नाही. बघ, ओळ वाकडी दिसते का.

अर्थ छापायला आपल्या भाषेचे खिळे माझ्याकडे नाहीत. म्हणून प्रत्येक शब्दापुढे जागा कोरी सोडली आहे. ज्याने त्याने आपल्या हाताने अर्थ लिहावा. प्रकाशकांना हे चालेल का, एवढंच विचारायचं होतं.

मामा

·

१८ मे

मामा,

हे पत्र मी पाच वेळा फाडलं. आता नाही फाडणार.

प्रकाशक नाहीत. कधीच नव्हते. पत्ता कुठून देऊ? पुस्तक करायला मला कुणीही सांगितलेलं नाही. तू खुर्चीतून उठावंस म्हणून मी थाप मारली. मला वाटलं, चार शब्द जुळवशील, जरा वेळ जाईल, मग हळूच मिटवून टाकू. पण तू असे शब्द पाठवलेस, असा क्रम पाठवलास की माझा अख्खा वर्ग त्यावर वाचायला शिकला. ते सगळं खरं आहे, लिफ्टमन खरा आहे, पाटी खरी आहे. खोटी फक्त मी आहे. तू दुकानदाराला पुस्तकाचं सांगितलंस हे वाचलं तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि तरी मी "घाई नाही" लिहून पुढे ढकललं.

माझ्यावर चीड. आरडाओरडा कर. पण पेटी बंद करू नकोस.

स्वल्पविराम

·

२४ मे

मामा,

पार्सल काल आलं. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. म्हणजे तू हे पाठवलंस तेव्हा तुला माहीत नव्हतं, आणि आता माहीत आहे.

मी हात धुतले. मग पान सहा खिडकीपाशी नेऊन बघितलं. अकरा वेळा, मामा. एकही ओळ वाकडी नाही. शाई कागदात किंचित रुतली आहे, बोट फिरवलं की प्रत्येक अक्षर लागतं. इतकं सुंदर काही कुणी माझ्यासाठी केलेलं नाही, आणि ते मी थाप मारून मिळवलं.

पानं वर्गाला दिली. ठेवून घ्यायचा अधिकार मला नव्हता. लिफ्टमनने त्याची प्रत इस्त्रीच्या रुमालात गुंडाळून नेली. पहिल्याच तासाला सगळ्यांनी कोऱ्या जागांत अर्थ लिहायला घेतले. मुकादमांनी संडासापुढे दोन ओळी लिहिल्या.

एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

स्वल्पविराम

·

१२ जून

मामा, आई म्हणते तू फोन उचलतोस आणि "जेवलो" म्हणून ठेवतोस. मलाही तेवढं तरी लिही.

·

२ जुलै

स्वल्पविराम,

जेवलो.

आता बाकीचं. तुझं पत्र आलं त्या दिवशी पेटीवर फडकं टाकलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. दुकानदारासमोर जायची लाज वाटली म्हणून दोन दिवस दूधही आणलं नाही. बिनदुधाचा चहा प्यालो तुझ्यापायी.

तिसऱ्या दिवशी फडकं काढलं, कारण पान सतरा अर्धं जुळलेलं होतं. जुळारी अर्ध्या पानावरून उठत नाही. ते पुरं केलं. मग अठरा केलं. मग तुला माफ केलं असं लिहायला बसलो आणि लक्षात आलं, माफ करण्यासारखं त्यात काही उरलंच नाही. पुस्तक नाही म्हणतेस? माझ्या टेबलावर चौतीस पानं आहेत. एका माणसाने एकोणीस वर्षांनी दारावरची पाटी वाचली. याला पुस्तक म्हणत नसतील तर काय म्हणतात ते मला शब्दकोशात बघून कळव. तू मास्तरीण म्हणून काय आहेस ते मला आता कळलं. माझा क्रम फळ्यावर लिहायला अक्कल लागते, आणि लिफ्टमनसाठी सात महिने थांबायला त्याहून मोठं काही लागतं. ते तुझ्यात आहे. तुझ्या मामीत होतं.

पण दुसरी एक थाप आहे, ती मला चालत नाही. तुला रजा मिळत नाही. वीस महिने रजा मिळत नाही, इस्पितळ आहे की तुरुंग? मामी गेली तेव्हा तू आली नाहीस. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. त्यानंतर तू पत्रं मात्र छान लिहितेस. मला खुर्चीतून उठवायला तू प्रकाशक उभा केलास, शब्दकोश पाठवलास, अकरा माणसं कामाला लावलीस. एक दिवस गाडीत बसली असतीस तरी मी उठलो असतो गं.

चौतीसही पानांचं प्रूफ मी एकट्याने वाचलं. एकही चूक सापडली नाही. म्हणजे चुका नक्की आहेत. ज्याने जुळवलं त्याचा डोळा मनातलंच वाचतो. समोर बसून एकेक अक्षर मोठ्याने वाचणारं कुणी नसेल तोवर हे पुस्तक मी पुरं झालं म्हणणार नाही, आणि मुखपृष्ठही जुळवणार नाही. समोरची खुर्ची मी पुसून ठेवली आहे.

मामा

·

७ जुलै

मामा,

मामी गेली त्या दिवशी मी तिकीट काढलं होतं. बॅग घेऊन फलाटावर बसले होते. गाडी आली, थांबली आणि गेली. तू एकटा बसलेला मला बघवणार नाही असं वाटलं, आणि मग एक दिवस उशीर झाला, मग आठवडा, मग तोंड दाखवायची लाज वाटत गेली. रजेचं कारण मी आईला सांगितलं, तुला सांगितलं, शेवटी स्वतःलाही पटवलं. मला मामी हवी होती रे. तिला निरोप द्यायला आले नाही, हे मी कधी विसरणार नाही.

आठ दिवसांची रजा काल अर्ज केल्याबरोबर मिळाली.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची आहे. लिफ्टमन तीन दिवस वर्ग सुटला की दाराशी घुटमळून निघून जायचा. चौथ्या दिवशी वर्ग सुटल्यावर थांबला, रुमालातून पानं काढली, अकरावं पान माझ्यापुढे धरलं आणि एका शब्दावर बोट ठेवून हळूच म्हणाला, "बाई, मी चुकतोय की मामा?" मी बघितलं. मामा, तू चुकला आहेस. मी ते पान दहा वेळा कौतुकाने बघितलं होतं, मला दिसलं नाही. त्याला दिसलं. जानेवारीत या माणसाला एक ओळ वाचता येत नव्हती. तो इतका घाबरला होता की मीच त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, बरोबर तुम्हीच आहात. त्याने तुझी क्षमा मागितली आहे.

चूक कोणती ते इथं लिहीत नाही. लिहिली तर तू आजच दुरुस्त करून मोकळा होशील. शनिवारी सकाळी पोचते. समोर बसून, पहिल्या पानापासून, एकेक अक्षर वाचत अकराव्यावर येईन तेव्हाच कळेल तुला.

पण त्याआधी टी, ई, ए. दूध आणून ठेव.

तुझी
स्वल्पविराम